कौल खाटेवरच्या माणसाचा

न्यूझीलंडच्या इस्पितळात रुजू होणाऱ्या नव्या परिचारिकेला उशीचा नियम सांगतात. रुग्णाच्या डोक्याखालची उशी पायाखाली किंवा कमरेखाली द्यायची नाही. घोटाळा होऊ नये म्हणून काही इस्पितळांत डोक्याच्या उशीचे अभ्रे एका रंगाचे आणि बाकीच्या उश्यांचे दुसऱ्या रंगाचे असतात. जेवणाच्या टेबलावर कंगवा, टोपी किंवा लघवीचं भांडं ठेवायचं नाही. तोंड पुसायचं फडकं निराळं, खालच्या अंगाचं निराळं. माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग. अशा पवित्र आणि म्हणून जपायच्या गोष्टीला ते 'तापू' म्हणतात. अन्नाचा आणि मलमूत्राचा तिला स्पर्श होऊ देत नाहीत. पुस्तकाला पाय लागला की ज्यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो, त्या मराठी वाचकांना यातलं काही फोड करून सांगायची गरज नाही.

हे नियम चांगले आहेत आणि ते पाळले जावेत. पण ज्या बाईंच्या विचारातून आज जगभर बोलली जाणारी 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही कल्पना उभी राहिली, त्यांना नियमांची अशी यादी पुरेशी वाटत नव्हती. यादीवरच थांबणं धोक्याचं आहे, असंच त्यांचं म्हणणं होतं. त्या बाईंचं नाव इरिहापेटी रॅम्सडन.

रॅम्सडन यांचा जन्म १९४६चा. आई माओरी, वडील युरोपीय वंशाचे पत्रकार आणि लेखक. १९६०च्या दशकात वेलिंग्टनच्या इस्पितळात त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं. त्या काळी शिकवण एकच होती: समोर गोरा असो की काळा, गरीब असो की श्रीमंत, सर्वांची सेवा सारखीच करायची. ऐकायला हे फार उदात्त वाटतं आणि ज्यांनी ते शिकवलं त्यांचा हेतूही चांगलाच होता. रॅम्सडन यांनी मात्र त्यातली मेख दाखवली. सर्वांची सारखी सेवा म्हणजे कोणासारखी? वॉर्डची रचना, भेटीच्या वेळा, जेवण, भाषा, मरणासन्न माणसाजवळ किती जणांनी बसायचं याचे नियम, हे सगळं एका समाजाच्या सवयींप्रमाणे बेतलेलं होतं. त्या समाजातल्या माणसाला ते नियम जाणवतही नसत, कारण ते त्याच्या घरासारखेच असत. माओरी माणसाला ते पावलोपावली टोचत. तेव्हा माणसामाणसांतला फरक न पाहता सेवा करण्याऐवजी तो नीट पाहून, त्याचा मान राखून सेवा करायला शिकवा, असं त्या म्हणू लागल्या.

१९८८ साली ख्राइस्टचर्चला माओरी परिचारिका, विद्यार्थिनी आणि शिक्षक यांची एक सभा भरली होती. परिचारिकांच्या शिक्षणात सुरक्षिततेचे धडे कसे द्यायचे यावर बोलणं चाललं होतं. कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित वागणूक, नीतीच्या दृष्टीने सुरक्षित वागणूक, औषधोपचारातली सुरक्षितता, अशी चर्चा पुढे सरकत असताना पहिल्या वर्षाची एक माओरी विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारलं की या सगळ्यात सांस्कृतिक सुरक्षितता कुठे आहे? रॅम्सडन यांनी हा प्रश्न उचलून धरला आणि पुढे आयुष्यभर त्याचं श्रेय त्या मुलीलाच दिलं. १९९० साली 'कावा फाकारुरुहाउ' या नावाने त्यांचा अहवाल आला. १९९२ साली न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने परिचर्येच्या अभ्यासक्रमासाठी त्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं काढली.

या अहवालातला विचार थोडा उलगडून पाहावा लागतो, कारण वरवर वाचणाऱ्याला तो 'इतरांच्या चालीरीतींचा आदर करा' एवढाच वाटतो. अमेरिकेत मॅडेलिन लायनिंगर यांनी त्याआधीच परिचारिकांना वेगवेगळ्या संस्कृतींचा अभ्यास शिकवण्याची मोठी परंपरा सुरू केली होती. तिथे परिचारिका अभ्यासक असते आणि रुग्ण अभ्यासाचा विषय. रॅम्सडन यांनी दिवा फिरवला. विद्यार्थिनीने आधी स्वतःला तपासायचं. माझ्या घरात आजारपण म्हणजे काय समजतात, मी कोणाला 'चांगला पेशंट' म्हणते, मला कोणाची किळस येते, कोणाची भीती वाटते, माझ्या हातात किती सत्ता आहे? खाटेवरच्या माणसाचे कपडे उतरवायला सांगायची, त्याचं जेवण थांबवायची, त्याच्या माणसांना बाहेर काढायची सत्ता परिचारिकेकडे असते. डॉक्टरकडे तर असतेच. ही सत्ता ओळखता आली नाही तर चालीरीतींचं कितीही ज्ञान असलं तरी ते वरवरचं राहतं.

याद्यांना त्यांचा विरोध होता त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक माओरी खेड्यांत राहत होते. पुढच्या तीसचाळीस वर्षांत कामधंद्यासाठी त्यांतले बहुतेक शहरांत आले. शाळेत माओरी बोललं म्हणून छड्या खाल्लेली एक पिढी, त्यामुळे घरात ती भाषा न ऐकलेली दुसरी पिढी आणि आपल्या चालीरीती धड माहीत नसल्याची लाज बाळगणारी तिसरी पिढी अशी मालिका तयार झाली. अशा तरुणाला वॉर्डात एखाद्या गोऱ्या परिचारिकेने पुस्तकात वाचून सांगितलं की तुमच्यात असं असतं ना, तर त्याच्या मनावर काय ओरखडा उमटेल? ती त्याच्याच घरची गोष्ट त्याला शिकवते आहे आणि ती गोष्ट त्याच्याकडून कोणी हिरावली हा इतिहास मात्र तिला ठाऊक नाही. म्हणून रॅम्सडन यांच्या अभ्यासक्रमात कर्मकांडांपेक्षा इतिहासाला मोठी जागा होती. त्यात ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातला १८४०चा वायटांगीचा करार होता, त्यानंतर गेलेल्या जमिनी होत्या, साथी होत्या. १८९६च्या जनगणनेत माओरींची संख्या ४२ हजारांच्या आसपास उतरली होती आणि हा समाज आता संपणार असं बरेच गोरे लोक उघड म्हणत होते. १९१८च्या इन्फ्लुएंझात सुमारे २५०० माओरी दगावले, आणि त्यांचा मृत्युदर युरोपीय वंशाच्या लोकांच्या कित्येक पट होता. इस्पितळाच्या दारात पाऊल अडखळणारी म्हातारी ही सगळी आठवण अंगावर घेऊन आलेली असते.

रॅम्सडन यांनी तीन पायऱ्या मांडल्या. पहिली जाणीव: लोक आपल्यापेक्षा वेगळे असतात हे कळणं. दुसरी संवेदनशीलता: त्या वेगळेपणाला मान्यता देणं आणि आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होतो हे पाहू लागणं. तिसरी सुरक्षितता. पहिल्या दोन पायऱ्या सेवा देणाऱ्याच्या मनात घडतात आणि तिथवर आपण कसे आहोत हे आपलं आपणच ठरवू शकतो. तिसऱ्या पायरीवर कौल रुग्णाच्या हातात जातो. मला इथे सुरक्षित वाटलं की नाही, मी पुन्हा येईन की नाही, मला जे विचारायचं होतं ते विचारता आलं की नाही, हे खाटेवरच्या माणसाने सांगायचं. परिचारिकेने 'मी कधीच भेदभाव करत नाही' म्हणून चालणार नाही. संपूर्ण विचारातली ही सर्वांत अवघड जागा आहे आणि त्यावरून पुढे जे रण माजलं तेही याच जागेवरून माजलं असं मला वाटतं.

रण खरोखरच माजलं. १९९३पासून न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की परिचारिकांना रोगी सांभाळायचं शिकवायचं सोडून राजकारण शिकवतात. काही विद्यार्थ्यांच्या तक्रारी गाजल्या. १९९५ साली हा विषय संसदेच्या समितीपुढे चौकशीला गेला. नर्सिंग कौन्सिलने आपली तत्त्वं पुन्हा तपासली आणि नव्याने लिहिली, पण सांस्कृतिक सुरक्षितता सोडली नाही. व्याख्या आणखी रुंद केली आणि वय, लिंग, लैंगिक कल, व्यवसाय, आर्थिक स्थिती, धर्म, अपंगत्व हे सगळं त्यात घेतलं. २००३च्या कायद्याने डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य अशा सर्व नोंदणीकृत व्यावसायिकांच्या परिषदांना सांस्कृतिक क्षमतेचे निकष ठरवणं बंधनकारक केलं. २०१९ साली तिथल्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांसाठी 'क्षमता' या शब्दाच्या पुढे जाऊन सुरक्षितता हाच निकष धरला. रॅम्सडन यांना यातलं फार थोडं पाहायला मिळालं. २००२ साली त्यांनी या विषयावरचा पीएच.डी.चा प्रबंध पुरा केला आणि २००३च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

*

चालीरीतींची यादी का पुरत नाही याचा सर्वांत कठोर पुरावा कॅनडातून मिळतो. सप्टेंबर २००८मध्ये विनिपेग शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ब्रायन सिंक्लेअर नावाचा ४५ वर्षांचा आदिवासी माणूस चाकाच्या खुर्चीवरून आला. त्याचे दोन्ही पाय आधीच कापलेले होते. लघवीची नळी तुंबली होती म्हणून एका दवाखान्याने चिठ्ठी देऊन त्याला तिथे पाठवलं होतं. नळी बदलून अँटिबायोटिक दिलं असतं तर काम भागलं असतं. तो ३४ तास त्या प्रतीक्षागृहात बसून राहिला. मध्ये त्याला उलट्या झाल्या. तिथे बसलेल्या इतर लोकांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं. काहींना वाटलं तो प्यायलेला आहे, काहींना वाटलं बेघर आहे आणि उबेला येऊन बसला आहे. अखेर डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा त्याला जाऊन बराच वेळ झाला होता.

सिंक्लेअरने कुठलाही विधी मागितला नव्हता, कुठली वेगळी उशी मागितली नव्हती. त्याच्या जमातीच्या रूढींवर शंभर पानांची पुस्तिका त्या विभागात असती तरी तो वाचला नसता. त्याच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांत एक ठरलेलं चित्र आधीच तयार होतं आणि ते चित्र खरं मानून माणसं पुढे निघून गेली.

बारा वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२० रोजी, क्यूबेकमधल्या जोलिएट गावच्या इस्पितळात अतिकामेक्व या आदिवासी जमातीतल्या जॉयस एशाक्वान या ३७ वर्षांच्या बाई वारल्या. त्या सात मुलांची आई होत्या. शेवटच्या काही वेळात त्यांनी आपला फोन सुरू करून फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केलं आणि कर्मचारी त्यांच्याविषयी काय बोलत होते ते साऱ्या देशाने ऐकलं. ती अवहेलना इथे उतरवून काढायची माझी इच्छा नाही. २०२१मध्ये कॉरोनरने निष्कर्ष दिला की वंशद्वेष आणि पूर्वग्रह यांचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला. अतिकामेक्व लोकांनी 'जॉयसचं तत्त्व' या नावाने मागणीपत्र तयार केलं: आदिवासींना कुठलाही भेदभाव न होता आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क असावा आणि आरोग्याविषयीचं त्यांचं पारंपरिक ज्ञान मान्य व्हावं.

जॉयसबाईंच्या आणि सिंक्लेअरच्या इस्पितळांत यंत्रं होती, औषधं होती, प्रशिक्षित माणसं होती. दुर्गम भागात डॉक्टर नाही म्हणून माणूस दगावला, हे दुःख आपल्याला ओळखीचं आहे आणि ते मोजताही येतं. सगळं असूनही माणूस दगावतो, तेव्हा त्याचं कारण कुठल्या तक्त्यात लिहायचं?

*

आता दुसरी बाजू. संस्था स्वतः बदलायला तयार झाली तर काय होतं, याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ आकडा पेरू देशातला आहे. अँडीज पर्वतातल्या आयाकुचो भागात केचुआ भाषा बोलणाऱ्या बायका बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जात नव्हत्या. जावं तरी कशाला? तिथे स्पॅनिशमध्ये खेकसत, नवऱ्याला आणि आईला बाहेर काढत, थंडीत कपडे काढून धातूच्या टेबलावर उताणं झोपवत. घरी त्या उकिडव्या बसून, दोर धरून, पाठीला माणसाचा आधार घेऊन बाळंत होत. बायकांना आणि सुइणींना विचारून विचारून एका दवाखान्याने आपली पद्धत बदलली. खोलीत दोर आणि बाक आला. नवरा, आई, सुईण यांना आत बसू दिलं. कर्मचारी केचुआ बोलू लागले. १९९९ साली त्या भागातली ६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २००७ साली ८३ टक्के होऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हे काम २००९ साली छापून आलं. त्याआधीच, २००५मध्ये, पेरूच्या आरोग्य मंत्रालयाने बसून किंवा उभ्याने बाळंत होण्याची पद्धत सरकारी दवाखान्यांसाठी अधिकृत केली होती. प्रसूतिशास्त्राचं यात काहीही बिघडलं नाही. रक्तस्राव थांबवायचं औषध, निर्जंतुक कात्री, वर पाठवायची सोय, सगळं जागेवर होतं.

आपल्याकडे याच वाटेवरचं एक काम गडचिरोलीत झालं आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. इस्पितळ असूनही आदिवासी तिकडे का फिरकत नाहीत, हा प्रश्न त्यांनी लोकांनाच विचारला. मिळालेली उत्तरं त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहेत. तुमच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढरं कापड मढ्यावर घालतो. तुम्ही आमच्या माणसांना आजाऱ्याजवळ थांबू देत नाही. तुमच्या दवाखान्यात देव नाही. यातल्या कुठल्याही उत्तरात औषधाविषयी तक्रार नव्हती. मग संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीत जे रुग्णालय उभं राहिलं ते गोंडांच्या पाड्यासारखं, सुट्या सुट्या झोपड्यांचं. आजाऱ्याबरोबर घरची माणसं राहतील आणि स्वयंपाक करतील अशी सोय झाली. दंतेश्वरी ही या लोकांची देवी. रुग्णालयाला तिचं नाव मिळालं: मा दंतेश्वरी दवाखाना. वर्षातून एकदा गावोगावच्या प्रतिनिधींची आरोग्य संसद भरू लागली आणि आमचा सर्वांत मोठा आजार कोणता, कशावर आधी काम करायचं, हे तिथे लोक सांगू लागले.

याच संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि घरच्या घरी नवजात बाळाची देखभाल शिकवली. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. या आकड्यामागे वैद्यकीय शिस्त आहे, श्वास मोजणं आहे, इंजेक्शन आहे. त्यासोबत हेही आहे की ओल्या बाळंतिणीच्या खोलीत शिरणारी बाई तिच्याच बोलीत बोलणारी, तिला लहानपणापासून ओळखणारी होती. या दोन गोष्टी वेगळ्या काढून कोणती किती उपयोगी पडली हे मोजता येणार नाही आणि मोजायचं कारणही मला दिसत नाही.

*

इथे प्रश्न येतो, आणि तो येऊ द्यायला हवा: रूढी घातक असेल तर काय करायचं?

मेळघाटात कोरकू समाजात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. भूमका, म्हणजे त्यांचा वैदू, कधी हे करतो, कधी घरातलीच म्हातारी करते. चटक्यांनी भरलेलं पोट घेऊन बाळ आरोग्य केंद्रात येतं तेव्हा त्याला न्यूमोनिया झालेला असू शकतो आणि वर भाजलेल्या जखमा. सांस्कृतिक सुरक्षिततेच्या नावाखाली याला कोणी मान डोलवावी, असं रॅम्सडन यांनी कधीच म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही. डंबा थांबलाच पाहिजे.

तो कसा थांबेल याचं उत्तर शोधताना न्यूझीलंडचाच एक जुना अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा असं मला वाटतं. १९०७ साली तिथल्या संसदेने माओरी वैदूंवर बंदी घालणारा 'तोहुंगा दमन कायदा' केला. तो केवळ गोऱ्यांच्या तिरस्कारातून आला असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. माउई पोमारे आणि ते रांगी हिरोआ या दोन माओरी डॉक्टरांसारख्या सुधारकांचा त्याला पाठिंबा होता. गोवराच्या तापात फणफणलेल्या मुलांना थंड पाण्यात बुडवण्याचे उपाय पाहून ते हादरले होते. त्यांची तळमळ खरी होती. पण कायद्याने शिक्षा फार थोड्यांना झाल्या, उपचार गुपचूप चालू राहिले आणि जाणत्या तोहुंगांकडचं वनौषधींचं, मन सावरण्याचं, माणसं जोडून ठेवण्याचं ज्ञानही गुन्ह्याच्या सावलीत गेलं. ज्या समाजाकडे डॉक्टर पुरेसे पोहोचत नव्हते त्याचा हक्काचा माणूस मात्र बेकायदा ठरला. कायदा १९६२पर्यंत पुस्तकात राहिला.

मेळघाटातली आई चटक्यांचं बाळ घेऊन आली, म्हणजे ती आली आहे, ही पहिली गोष्ट. तिला बाळ वाचवायचं आहे म्हणूनच तिने ते चटके सोसू दिले आणि म्हणूनच ती मैलोगणती चालून इथवर पोहोचली. ओपीडीत सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलं, पोलिसांचं नाव काढलं, तर पुढच्या वेळी तिची जाऊ किंवा बहीण आजारी बाळ घेऊन येणार नाही आणि चटके मात्र दिले जातील. तिला आडोशाला बसवून, बाळाला ऑक्सिजन लावून, तिच्या भाषेत, हा आजार पोटात नसून छातीत आहे आणि श्वास जोरात चालला की पोट कसं खालीवर होतं, हे दाखवता येतं. भूमकाला बोलावून घेऊन, छाती अशी आत ओढली जायला लागली की आधी आमच्याकडे पाठव, असं सांगता येतं. मेळघाटात भूमकांना सोबत घेण्याचे प्रयत्न झालेले आहेत. हा रस्ता लांबचा आहे. पण त्या बाळाच्या धाकट्या भावंडाला वाचवायचं असेल तर याच रस्त्याने जावं लागेल.

'तिच्या भाषेत' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि माडिया द्रविड कुळातल्या. मराठीशी यांचं रक्ताचं नातं नाही. लातूरची किंवा कोल्हापूरची मुलगी एमबीबीएस होऊन बंधपत्राच्या एका वर्षासाठी भामरागडला किंवा धडगावला जाते तेव्हा तिच्यापुढे बसलेल्या बाईला पोटात कळ मारते आहे की मुंग्या येत आहेत, हे ती कसं समजून घेणार? बहुतेक वेळा वॉर्डातल्या मावशी किंवा एखादी आशाताई मध्ये उभी राहून सांगते. या मधल्या बाईच्या खांद्यावर सगळा डोलारा उभा असतो. तिला दुभाषी म्हणून शिकवलेलं नसतं, त्याचे पैसे नसतात, आणि तिने 'ही काही नीट सांगत नाही' असं म्हटलं की केसपेपरवर तेवढंच उतरतं. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. शिकलेल्या दुभाष्यांची नेमणूक हा त्यांच्या आरोग्याचा खर्च म्हणून धरला जायला हवा, जसा आपण रुग्णवाहिकेच्या डिझेलचा धरतो.

न्यूझीलंडचं चित्र आज गुलाबी आहे असं कोणी समजू नये. तीन दशकांच्या शिक्षणानंतरही माओरी माणसाचं सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी आहे. घर, उत्पन्न, तंबाखू, दवाखान्याचं अंतर, तपासणीला लागणारा उशीर, या सगळ्याचा त्यात वाटा आहे आणि परिचारिकेच्या वागण्याने हे सगळं भरून निघणार नव्हतंच. माओरींच्या हाती आरोग्यसेवेचे निर्णय द्यावेत म्हणून २०२२ साली स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण निर्माण झालं. सरकार बदललं आणि २०२४च्या जूनअखेर ते बंद झालं. डॉक्टरांमध्ये माओरींचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे, लोकसंख्येत ते सहात एकापेक्षाही जास्त आहेत. ही तफावत भरून काढण्यासाठी ऑकलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७२पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशयोजना चालवली आहे आणि त्यांना शेवटच्या वर्षापर्यंत अभ्यासात आधार दिला आहे. प्रवेश देऊन थांबायचं नाही, पास होईपर्यंत हात सोडायचा नाही, हा त्यातला भाग आपल्याकडच्या राखीव जागांच्या चर्चेत क्वचित येतो. आश्रमशाळेतून वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या पावरा किंवा माडिया मुलाला वसतिगृहात, वर्गात, तोंडी परीक्षेत जे ऐकून घ्यावं लागतं, तोही याच प्रकरणाचा विषय आहे. ज्या कॉलेजात तो सुरक्षित नाही, त्या कॉलेजच्या वॉर्डात त्याची आजी सुरक्षित असणं कठीण आहे.

आपल्या वैद्यकीय शिक्षणात २०१९पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र अभ्यास आला आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र आहेच. चौकट तयार आहे, तिच्यात रॅम्सडन यांचा प्रश्न घालायचा आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, पालघर इथल्या नर्सिंग विद्यार्थिनींना पहिल्या वर्षी जमातींची नावं, सण आणि खाद्यपदार्थ पाठ करायला लावण्याऐवजी जंगल कायद्यांनी या लोकांचं काय केलं, धरणांनी कोण उठलं, सरकारी माणूस गावात आला की लोक का पांगतात, हे शिकवावं. मग त्यांना एक दिवस स्वतःच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रांगेत बसवावं, ॲप्रन न घालता, केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत, आणि पाहिलेलं लिहून काढायला सांगावं. प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रिकेत आज तपासणारे सगळे आपलेच असतात: ट्यूटर, वॉर्ड सिस्टर, बाहेरून आलेले परीक्षक. त्यात आणखी एक रकाना जोडावा. विद्यार्थिनीने ज्यांची आठवडाभर सेवा केली त्या माणसांना, ती समोर नसताना, त्यांच्या भाषेत दोन प्रश्न विचारावेत. तुम्हाला हिला काही विचारायचं होतं आणि ते विचारता आलं का? पुढच्या आजारपणात तुम्ही हिच्याकडे याल का? आणि मिळालेल्या उत्तरांचे गुण बाकीच्या गुणांत मिळवावेत.